गाव इथंच तर आहे

होळी झाली की आमच्या वर्ध्यात घरोघरी माळ्यावरून, गच्चीवरून कूलर खाली उतरतात. गेल्या वर्षीचा काळा पडलेला वाळा काढायचा, नवा भरायचा, टाकीचा गळका कोपरा एम-सीलने बुजवायचा, पंप पाणी ओढतो का ते पाहायचं आणि पत्र्याची ती पेटी खिडकीला लावायची. दुकानात तिला डेझर्ट कूलर म्हणतात. हे नाव इतकं तोंडात बसलंय की त्यात वाळवंट आहे हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. हाच कूलर मुंबईत लावला तर खोली नुसती दमट होते, कारण तिथल्या हवेत आधीच ओल असते. वर्ध्यात मे महिन्याच्या दुपारी हवेतली आर्द्रता बरेचदा वीस टक्क्यांच्या खाली गेलेली असते, पारा ४५ च्या आसपास असतो आणि वर कोरडा वारा. वाळ्यावरचं पाणी झपाट्याने उडतं, म्हणून खोली गार होते. म्हणजे त्या दिवसांत सकाळी अकरापासून पाचपर्यंत आपण राहतो ते वाळवंटाच्याच हवेत.

म्हणून वाळवंटात कुटुंबासह गाडी बंद पडली तर काय करायचं, यावर जगभर जे लिहिलं गेलंय ते मी वर्ध्यात बसून मन लावून वाचतो. त्याला कारणही घडलेलं आहे.

काही वर्षांपूर्वीची मे महिन्यातली गोष्ट. मी, बायको, सात वर्षांची मुलगी, सत्तरीतली आई आणि पुण्याहून आलेला मेहुणा असे पाच जण खरांगण्याच्या पुढे जंगलाकडे निघालो होतो. निघायचं ठरलं होतं सकाळी सहाला, निघालो साडेदहाला. डांबरी रस्ता सोडून कच्च्या वाटेला लागलो. चढ, दुसरा गिअर, एसी पूर्ण चालू. आधी एक गोडसर वास आला. बायको म्हणाली, "काहीतरी पाक करपल्यासारखं वाटतंय." मी खाली पाहिलं तर तापमानाचा काटा लाल पट्टीत गेलेला, आणि दुसऱ्या क्षणी बोनेटच्या फटीतून वाफ. रेडिएटरचा वरचा रबरी होज बोटभर उकलला होता. मोबाइलला रेंज नाही. घड्याळात सव्वाबारा.

मेहुणा अर्ध्या लिटरची बाटली घेऊन निघालाच होता. "गाव इथंच तर आहे. मघाशी पाटी पाहिली ना, चार किलोमीटर. तासाभरात माणूस घेऊन येतो." आई दारातून उतरता उतरता म्हणाली, "बापू, उन्हातान्हाचं कुठी जाता? बसा गुमान. ऊन कललं की पाहू."

मला तेव्हा तो म्हातारपणाचा भित्रेपणा वाटला होता. आज सांगतो, त्या वाटेवर त्या घटकेला तिच्याएवढं शास्त्र कुणालाच कळत नव्हतं.

शरीराचं आतलं तापमान ३७ अंश, कातडीचं साधारण ३५. हवा याहून थंड असते तोवर अंगातली उष्णता आपोआप बाहेर जाते. हवा ४५ ची झाली की हिशोब उलटा होतो, हवाच आपल्याला तापवू लागते. मग शरीराकडे एकच उपाय उरतो, घाम. घाम उडताना अंगातली उष्णता घेऊन जातो, अगदी वाळ्यावरच्या पाण्यासारखा. पण कोरड्या हवेत तो इतक्या लवकर उडतो की कपडे ओले होत नाहीत, आणि माणसाला वाटतं आपल्याला घामच आला नाही. भर उन्हात चालणाऱ्या माणसाच्या अंगातून तासाला लिटरभर पाणी सहज जातं. सावलीत स्वस्थ बसलेल्याचं त्याच्या निम्म्याहूनही कमी. मेहुण्याच्या हातातली बाटली होती अर्ध्या लिटरची. जायला तास, यायला तास. त्यात वाट चुकली तर?

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात एडवर्ड अ‍ॅडॉल्फ नावाच्या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात सैनिकांवर याच गोष्टी मोजल्या. त्याचं पुस्तक १९४७ साली आलं आणि आजही या विषयावर बोलणारे सगळे त्याच्याच आकड्यांवर उभे असतात. त्याच्या हिशोबाप्रमाणे पारा ४९ च्या घरात असताना एक थेंबही पाणी जवळ नसलेला माणूस सावलीत पडून राहिला तर साधारण दोन दिवस तग धरतो. तोच माणूस रात्रीच्या गारव्यात का होईना, दमेपर्यंत चालत राहिला तर एकच दिवस. दुसरा निष्कर्ष आपल्या समजुतीला धक्का देणारा आहे. पाणी जपून, घोट घोट पुरवून प्यायल्याने घाम कमी होत नाही, माणूस फक्त लवकर सुकतो. बाटलीत उरलेलं पाणी अंगाच्या काही कामाचं नसतं. तहान लागली की पोटभर प्यावं. वाचवायचा असतो तो घाम, आणि घाम वाचतो सावलीने आणि बसून राहण्याने.

खऱ्या वाळवंटात पाच-पन्नास कोस कुणी नसतं, तरी माणसं गाडी सोडून चालायला लागतात. १९६३ च्या डिसेंबरात ऑस्ट्रेलियाच्या बर्ड्सव्हिल ट्रॅकवर एका पाच जणांच्या कुटुंबाच्या गाडीचं पेट्रोल संपलं. ते गाडी सोडून गेले आणि पाचही जण दगावले. १९९६ च्या जुलैत अमेरिकेतल्या डेथ व्हॅलीत एक जर्मन कुटुंब, एक जोडपं आणि दोन लहान मुलं, भाड्याची व्हॅन घेऊन आडवाटेच्या दरीत शिरलं. ऑक्टोबरात हेलिकॉप्टरमधून ती व्हॅन दिसली, टायर बसलेले, माणूस एकही नाही. मोठ्या माणसांचे अवशेष सापडायला २००९ साल उजाडलं, तेही गाडीपासून कित्येक किलोमीटर दक्षिणेला. वाळवंटातून फिरणाऱ्यांच्या पुस्तकांत म्हणूनच पहिला नियम एकच असतो, गाडी सोडू नका. वरून शोधणाऱ्याला माणूस दिसत नाही, गाडी दिसते.

आपल्याकडे वाळवंट नाही, शोधायला हेलिकॉप्टरही लागत नाही. बहुतेक कुठेही उभं राहिलं तरी तीन-चार किलोमीटरवर एखादं गाव असतंच. माझं मत असं की वर्धा जिल्ह्यात खरा धोका तिथेच आहे. सहारात कुणी म्हणत नाही की गाव इथंच तर आहे. इथे प्रत्येक जण म्हणतो. जवळ दिसणारं गाव माणसाला बरोबर दुपारी एकला उन्हात ओढून नेतं. आपल्या शेतकऱ्याला हे नवं नाही. मे महिन्यात वावरातलं काम तो दहा-साडेदहाला थांबवतो आणि धुऱ्यावरच्या निंबाखाली दुपट्टा पसरतो. जुनी माणसं उन्हाळ्यात लांबचा पल्ला असला की बंडी रात्री जुंपायची. गांधीजी ३० एप्रिल १९३६ रोजी वर्ध्याहून सेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहायला गेले. ते पायीच गेले, पण सकाळच्या प्रहरी. एसीच्या गाडीने ही घड्याळाची शिस्त आपल्याकडून काढून घेतली. गाडी चालू आहे तोवर बाहेर किती तापलंय हे अंगाला कळतच नाही.

आता सावलीचं. आम्ही गाडीतून उतरलो तेव्हा चारी बाजूंनी जंगल होतं आणि सावली नव्हती. बोरच्या आणि ढग्याच्या बाजूचं हे रान सागाचं. साग उन्हाळ्यात पानं टाकतो, मे महिन्यात तो नुसत्या काठ्यांसारखा उभा असतो आणि खाली वाळक्या पानांचा खच. सागाखाली बसलेल्याच्या डोक्यावर फांद्यांची जाळी पडते, सावली नाही. शिवाय ती पानं एका ठिणगीने पेटतात, गरम सायलेन्सरची गाडी त्यांच्यावर उभी करू नये. सावली हवी तर नाल्याच्या काठी जांभूळ, करंज, उंबर शोधायचा, नाहीतर शेताच्या बाजूला निंब, चिंच, आंबा. मोहालाही तोवर नवी पालवी फुटलेली असते. आम्हाला पन्नास पावलांवर कोरड्या नाल्यात एक जांभूळ सापडलं. आईने आधी काठीने पाचोळा हलवून पाहिला, मगच सतरंजी टाकली. अशा गारव्यात साप-विंचूही आलेले असतात.

झाड नसेल तर गाडीचीच सावली करायची. मात्र बंद गाडीत बसायचं नाही. बाहेर ४५ असताना उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीतली हवा अर्ध्या तासात साठच्या घरात जाऊ शकते, आणि काच दोन बोटं खाली केल्याने त्यात फारसा फरक पडत नाही. लहान मुलाचं अंग मोठ्या माणसाच्या तीन ते पाच पट वेगाने तापतं. झोपलंय म्हणून लेकराला गाडीत ठेवून मोठी माणसं बाहेर इंजिनाशी खटपट करतात, ते कधीही करू नये. चारही दारं उघडायची, टपापासून एखादी चादर किंवा ताडपत्री तिरपी बांधायची, शक्य तर दोन थर आणि मध्ये वीतभर हवा. जमीन हवेपेक्षा कितीतरी तापलेली असते, म्हणून खाली काहीतरी जाड टाकायचं. उन्हातल्या डांबरी रस्त्याला तर साठ-पासष्ट अंशांचा चटका असतो, तिथे अनवाणी मूल क्षणभरही उभं राहू शकत नाही.

गाडीकडे वळू. इंजिन तापण्याची लक्षणं ओळखीची आहेत, गोडसर वास, चढता काटा, एसीतून अचानक गरम हवा. लगेच एसी बंद करावा आणि, हे विचित्र वाटेल, हीटर पूर्ण चालू करावा. हीटर म्हणजे इंजिनाला जोडलेला छोटा दुसरा रेडिएटरच. गाडी बाजूला घेईपर्यंतची उष्णता तो बाहेर काढतो. त्यानंतर इंजिन बंद, बोनेट उघडं. रेडिएटरच्या झाकणाला मात्र पाऊण तास हात लावू नये. आतलं कूलंट दाबाखाली असल्याने शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल झालं की दाब जातो, सगळं एकदम उकळतं आणि चेहऱ्यावर येतं. कूलंट चवीला गोड आणि विषारी असतं, ते पाणी कितीही तहान लागली तरी पिऊ नये. सांडलेलं असेल तर मुलांना लांब ठेवावं. गाडीसाठी पाच लिटरची कॅन वेगळी असावी. प्यायचं पाणी रेडिएटरमध्ये ओतून गावापर्यंत गाडी नेऊ, हा विचार फाटलेल्या होजवर तर वेडेपणाच आहे. एका टोकाने ओताल, दुसऱ्या टोकाने जमिनीत जाईल.

रेंज नसली म्हणजे सगळं संपलं असंही नाही. मोबाइलचा जीपीएस नेटवर्कशिवाय चालतो. नकाशा आधीच उतरवून ठेवला असेल तर आपण नेमके कुठे आहोत ते कळतं. ११२ हा क्रमांक आपल्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कुठल्याही उपलब्ध नेटवर्कवरून लागू शकतो. कॉल जात नाही तिथेही एसएमएस कधीकधी निघून जातो. जवळच्या उंचवट्यावर, तेही ऊन कलल्यावर, एकाने चढून पाहावं. परदेशी पुस्तकं सॅटेलाइट मेसेंजर बाळगायला सांगतात. आपल्या देशात सरकारी परवानगीशिवाय तो जवळ ठेवता येत नाही, तेव्हा तो विचार सोडून द्यावा. त्याहून भरवशाचा उपाय घरी असतो. कुठल्या रस्त्याने जातोय आणि किती वाजता परततोय, हे घरातल्या एकाला सांगून निघायचं. "ढग्याकडे जाऊन येतो" एवढं पुरत नाही, वाट सांगायची.

आम्ही त्या जांभळाखाली साडेतीन तास बसलो. आईने घरून माठातलं गार पाणी भरलेली दहा लिटरची कॅन, कैरीचं पन्हं आणि मुरमुऱ्यांची पिशवी घेतली होती. निघताना मी तिला म्हणालो होतो, "आई, एवढं कशाला?" ते पन्हं, म्हणजे पाणी, साखर आणि मीठ, याच्यामागे मोठं विज्ञान आहे. १९७१ च्या बांगलादेश युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ-साखरेच्या पाण्याने हजारो पटकीच्या रुग्णांवर उपचार केले, तेच तत्त्व. साखर आतड्यातून शिरताना मिठालाही सोबत नेते आणि त्यांच्यामागून पाणी शोषलं जातं. ओआरएसची पुडी नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. मीठ यापेक्षा वाढवू नये, लहान मुलांना तर नाहीच. खिशात कांदा ठेवून ऊन लागत नाही ही आपल्याकडची जुनी समजूत आहे. तो कांदा भाकरीसोबत जरूर खावा, पण खिशातल्या कांद्याने अंग गार होत नाही.

अंग गार करतं ते ओलं फडकं. नाल्यात डबकं असेल तर पिण्याच्या पाण्याला हात न लावता त्या पाण्यात दुपट्टा भिजवून डोक्या-मानेवर घ्यावा. आपल्या कोरड्या हवेत ओला दुपट्टा म्हणजे अंगावरचा कूलरच. कुणी डोकं दुखतं, मळमळतं, पायात गोळे येतात म्हणाला तर त्याला आडवं करून हेच करावं आणि पाणी पाजावं. पण माणूस असंबद्ध बोलू लागला, लडखडू लागला, विनाकारण चिडू लागला, अंग चुलीसारखं तापलं, तर तो उष्माघात आहे, आणि तिथे मिनिटांचा हिशोब असतो. घाम येतोय म्हणून उष्माघात नाही असं समजू नये. कपडे सैल करून सगळं अंग भिजवायचं आणि जोरजोरात वारा घालायचा, १०८ ची रुग्णवाहिका येईपर्यंत न थांबता. तापाची गोळी इथे काम करत नाही. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही, ते फुप्फुसात जातं.

साधारण चारला तेंदूपत्त्याच्या कामावरून परतणारा एक मोटारसायकलवाला आला. उघडं बोनेट आणि आरशाला बांधलेली बायकोची लाल ओढणी त्याला वळणावरूनच दिसली होती. तोवर ऊन उतरलं होतं. मेहुणा त्याच्यामागे बसून गावात गेला आणि सव्वापाचला मिस्त्रीला घेऊन आला. ती चार किलोमीटरची वाट मोटारसायकलवरून पाहून आल्यावर तो आईजवळ येऊन बसला. म्हणाला, "मध्ये दोन फाटे आहेत. दोन्हींना पाटी नाही."

संध्याकाळ व्हायच्या आत मदत आली नाही तर नाल्यातून उठून गाडीत यायचं. बोर हा २०१४ पासून व्याघ्रप्रकल्प आहे आणि आजूबाजूच्या रानातही वाघ, बिबट, अस्वल फिरतात. दिवसा ज्या नाल्यात आपण सावली शोधली, अंधार पडल्यावर तोच त्यांचा रस्ता असतो. तोवर गाडी गार झालेली असते. काचा थोड्या उघड्या ठेवून रात्र आत काढता येते.

एक रस्ता मात्र असा आहे जिथे गाडी न सोडण्याचा नियम उलटा होतो. समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातून जातो. नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला, ५ जून २०२५ पासून सगळा ७०१ किलोमीटरचा रस्ता खुला आहे. दोन्ही बाजूंना कुंपण असल्याने पलीकडचं गाव दिसतं पण जाता येत नाही, वाटेत झाड नाही, चहाची टपरी नाही, उतरायचं ते इंटरचेंजलाच. उन्हाळ्यात एकटं पडण्याच्या दृष्टीने हा रस्ता ढग्याच्या जंगलापेक्षा काही कमी नाही. वर मागून ताशी १२० ने गाड्या येतात. तिथे गाडी शक्य तितकी डावीकडे घ्यावी, चारही इंडिकेटर लावावेत, डाव्या दारातून सगळ्यांना उतरवून कठड्यापलीकडे, गाडीच्या पुढे नव्हे तर मागच्या बाजूला लांब उभं करावं, म्हणजे कुणी गाडीला धडक दिलीच तर ती माणसांवर येणार नाही. लाल त्रिकोण शंभर पावलं तरी मागे ठेवावा. सावली म्हणून छत्र्या लागतात, त्या डिकीत असू द्याव्यात. आणि टायर घरूनच पाहून निघावं. त्याच्या बाजूवर चार अंक असतात, २३१९ म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला. हवा कमी असलेला टायर जास्त दबतो, दबून दबून तापतो आणि फुटतो. म्हणून हवा सकाळी, टायर थंड असताना भरावी. तापलेल्या टायरमध्ये दाब जास्त दिसतो म्हणून वाटेत हवा सोडणं चूक आहे.

सूर्य रोहिणी नक्षत्रात गेला की २५ मेच्या सुमाराला नवतपा लागतो. त्याआधी एका सकाळी बोनेट उघडून रेडिएटरचे होज बोटांनी दाबून पाहा. रबर कडक झालं असेल, भेगा दिसत असतील तर त्याच दिवशी बदला. काही शे रुपयांचं काम आहे. आणि डिकीत माणशी चार लिटर पाणी, गाडीसाठी पाच लिटरची वेगळी कॅन, एक चादर, दोरी, ओआरएसच्या पुड्या ठेवल्याशिवाय घरच्यांना घेऊन जंगलाच्या रस्त्याला लागू नका. घरातलं म्हातारं माणूस जास्तीची कॅन गाडीत ठेवायला लागलं, तर तिला जागा करून द्या.